अंगठ्याला कुलूप

नांदूरघाट
४ ऑगस्ट २०२५

शिवकन्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. घाबरू नकोस. तुझी आई ठीक आहे, मेंढ्या ठीक आहेत, आणि मीही आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे मी तुझ्याशी बोलत नाहीये. सात वर्षांपूर्वी तू परमेश्वरशी लग्न केलंस तेव्हा बिरोबासमोर बेलभंडार उचलून मी चार लोकांत सांगितलं होतं, की या पोरीशी यापुढे तोंडानं एक शब्द बोलणार नाही. ती शपथ मी पाळली आहे आणि पाळतो आहे. पण लिहिण्याबद्दल मी त्या दिवशी काहीच म्हटलेलं नव्हतं. तीस वर्षं या गावात टपाल वाटलंय, बोलणं वेगळं आणि पत्र वेगळं एवढं मला कळतं.

काम असं आहे. माझ्या आधारला तुझा मोबाइल नंबर जोडलेला आहे. तू बारावीला असताना शाळेत शिबिर लागलं होतं. घरात एकच फोन होता आणि तो तुझ्याकडे असायचा, म्हणून तुझाच नंबर लावला. पुढे तू चाकणला गेलीस आणि नंबरही तिकडेच गेला. आजवर त्यावाचून काही अडलं नव्हतं.

जूनमध्ये वस्तीवर एक माणूस आला होता. मेंढ्यांचा विमा फुकट काढून देतो म्हणाला. पिशवीतून छोटं मशीन काढलं आणि सगळ्यांचे अंगठे घेतले. "उमटला न्हाई काका, परत द्या," असं म्हणत माझा तीनदा घेतला. त्यानंतर ना तो दिसला ना विमा. आणि गेल्या आठवड्यात पोलीस सटवामामाच्या दारात आले. ज्याच्या खांद्यावर बसून तू जत्रा बघायचीस, त्या सटवाच्या नावावर म्हणे एक सिम कार्ड निघालं आहे, आणि त्यावरून हैदराबादच्या कुण्या बाईला फसवलं गेलं आहे. सटवाला हैदराबाद कोणत्या दिशेला आहे तेही सांगता येणार नाही. चार दिवस झाले, तो जेवत नाही.

ग्रामपंचायतीत ऑनलाइनची कामं करणारी सत्यशीला म्हणाली, "काका, तुमचा अंगठा कुठंकुठं लागलाय त्याची यादी निघती. पन ओटीपी लागंल. तो ज्यांच्या फोनवर जाईल त्यांना इचारा."

तेव्हा तो ओटीपी एका कागदावर लिहून उलट टपाली पाठव. तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे. माझा बारा आकडी नंबर एका जागी लिहिणं बरं नाही. पहिले सहा आकडे या कागदाच्या मागे आहेत, उरलेले पुढच्या पत्रात पाठवीन.

तुझ्या आईला यातलं काही कळवू नकोस. पत्ता तिच्या वहीतून घेतला आहे.

बंकट


नांदूरघाट
२१ ऑगस्ट २०२५

चि. शिवकन्या,

पत्र मिळालं. पाकिटावर मी तुझं माहेरचं नाव घातलं आणि त्या नावानं तिथे तुला कुणी ओळखत नाही, म्हणून ते नऊ दिवस फिरत राहिलं असं तू लिहिलंस. माझ्या हातून ही चूक व्हायला नको होती. या वेळी द्वारा परमेश्वर असं घातलं आहे. पत्र वेळेवर पोचावं एवढाच त्याचा अर्थ आहे, जास्त काही समजू नये.

ओटीपी दहा मिनिटांत मरतो हे मला कसं माहीत असणार? तू आणि आरोही पोट धरून हसलात म्हणे. हसा. इथे सत्यशीलाही हसली. आणि उरलेले सहा आकडे पाठवू नका, बाराच्या बारा पाठ आहेत, असंही तू लिहिलंस. दहावीपासून माझे सगळे फॉर्म तूच भरायचीस हे खरं. पण सात वर्षं झाली. मला वाटलं होतं विसरली असशील. ती ओळ मी दोनदा वाचली.

यादी हातानं उतरवून पाठवलीस ते बरं केलंस, फोनवरची बारीक अक्षरं मला दिसत नाहीत. एकेक नोंद कशाची ते विचारलं आहेस, तर सांगतो.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या नोंदी रेशनच्या आहेत. एप्रिलमधली आंबाजोगाईच्या दवाखान्याची आहे. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. तुझ्या आईनं सांगितलं नाही म्हणून तिच्यावर चिडू नकोस, मीच सांगू दिलं नव्हतं. तू रजा टाकून धावत आली असतीस आणि मी मुक्यासारखा कॉटवर पडून राहिलो असतो. ते मला नको होतं.

११ जूनच्या तीन नोंदी टेलिफोन कंपनीच्या आहेत म्हणतेस. तो विमावाला. सत्यशीलानं माझ्या फोनवरून सरकारी साइट उघडून माझ्या नावावर किती नंबर चालू आहेत ते काढलं. तीन निघाले. एक माझा. बाकीचे दोन तिथेच नोंदवून बंद करायला टाकले, आणि केजच्या पोलीस ठाण्यात अर्जही दिला.

३० मेच्या चार नोंदी मात्र माझ्या नाहीत. तू लिहिलंस की तीनदा अंगठा लागला नाही, चौथ्यांदा लागला आणि पैसे निघाले, आणि ती पुण्याकडची सहकारी बँक आपल्या जिल्ह्यात नाहीच. मग मी तिथे कसा जाईन? मी त्या दिवशी मेंढ्यांमागे होतो. हल्ली अंगठ्याची नक्कल करतात म्हणे, तसलंच काही असेल. पासबुक भरून आणायचं राहिलं आहे.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची टाळली होती. विमावाल्याकडे लोक आपण होऊन गेले नव्हते. तो आधी माझ्याकडे आला, चहा प्यायला, मला साहेब म्हणाला. आणि मी देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं, की मी बंकट पोस्टमन सांगतोय, या आणि अंगठा देऊन जा. पंधरा माणसं आली. सटवा तर ताटावरून उठून आला, कारण माझ्या हातून त्याला कधी चुकीचं पत्र मिळालेलं नव्हतं. मला रात्री झोप लागत नाही ती सिमसाठी नाही, शिवकन्या. ती या भोंग्यासाठी लागत नाही.

तू लिहिलंस की अंगठ्याला कुलूप लावता येतं, मग कुणी कुठेही टेकवला तरी लागत नाही. लाव. आजच लाव.

अण्णा


नांदूरघाट
१२ सप्टेंबर २०२५

चि. शिवकन्या,

कुलूप पक्कं आहे. रेशनच्या दुकानात पावती घ्यायला गेलो, अंगठा टेकवला, मशीन नाही म्हणालं. पुन्हा टेकवला, पुन्हा नाही. मागे रांग. दुकानदार म्हणाला, "बंकटकाका, अंगठा झिजला तुमचा." मी छाती काढून सांगितलं, "झिजला न्हाई, कुलूप हाय त्याला. माझ्या पोरीनं लावलंय." सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली, कारण सात वर्षांत माझ्या तोंडून 'माझी पोरगी' हे शब्द कुणी ऐकले नव्हते. तुझी आई रांगेतच होती. घरी आल्यावर तिनं सगळं काढून घेतलं, सिमं, यादी, पत्रं, सगळं. तिच्यापासून महिनाभर लपवल्याबद्दल दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं.

तू सुचवलेली सोय चांगली आहे. मी एक मिस्ड कॉल द्यायचा, तू फोन कापायचा आणि कुलूप उघडायचं. दहा मिनिटांत मी अंगठा देऊन मोकळा, मग ते आपोआप बंद. बोलायचा प्रश्नच नाही. बिरोबालाही यात बोट दाखवायला जागा नाही.

फक्त परवा तू फोन कापला नाहीस. तू भांडी घासत होतीस म्हणे, आरोहीनं उचलला. मी कानाला लावून गप्प उभा. तिकडून आवाज आला, "आजोबा, कुलूप उघडायचंय का?" आता आरोहीशी बोलणार नाही अशी शपथ मी कधीच घेतलेली नव्हती. ती तेव्हा जन्मलीही नव्हती. तेव्हा बोललो. तिनं विचारलं, तुमच्याकडे मेंढ्या किती? मी म्हणालो, चाळीस. ती म्हणाली, सगळ्यांची नावं सांगा. बारा नावं सांगितली, मग माझ्याकडची नावं संपली, पुढची तिनंच ठेवली. एकीचं नाव तिनं शिवकन्या ठेवलं आहे. रेशन त्या दिवशी राहिलं, तू मागून उघडलेल्या कुलपाची दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

इथलंही सांगतो. सत्यशीला आणि मी मिळून पंधरा घरं फिरलो. पूर्वी टपाल घेऊन जायचो तोच रस्ता. प्रत्येक दारात आधी सांगितलं, की भोंग्यावरून मीच पुकारलं होतं, चूक माझी आहे, आता फोन आणा. ज्यांचा नंबर जोडलेला होता त्यांची यादी बघितली, कुलपं लावली. अकरा जणांच्या नावावर नको ती सिमं निघाली. सगळी बंद करायला टाकली. त्या पंधरांतल्या कडूबाईनं मला फार बोलून घेतलं, मी ऐकून घेतलं. सटवाचा जबाब पोलिसांनी नीट लिहून घेतला, माझाही घेतला, आता त्याला कुणी बोलावत नाही. काल तो आपल्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "बंकट, तू पुकारलंस तर मी परत बी यीन. पन आदी तुझ्या पोरीला इचारून पुकार." त्यानं भाकरी खाल्ली. मला लई बरं वाटलं.

सत्यशीला मागे लागली आहे, की केजच्या केंद्रात जाऊन आधारला स्वतःचा नंबर लावून घ्या, आपला नंबर आपल्याकडेच असावा. तिचं बरोबर आहे. पण माझे गुडघे दुखतात. बघू पुढे.

अण्णा


नांदूरघाट
३० सप्टेंबर २०२५

चि. शिवकन्या,

पत्र मिळालं. ३० मेच्या नोंदीच्या मागे लागू नकोस असं मी लिहायला हवं होतं, राहून गेलं. तू त्या सहकारी बँकेत गेलीस, ते आधी सांगेनात म्हणून खनपटीला बसलीस, आणि शेवटी त्यांनी सांगितलं की ते मशीन तुझ्याच गल्लीतल्या जानकीबाईच्या किराणा दुकानातलं आहे. तुला धक्का बसला हे समजू शकतो. रोज जिच्याकडून दूध घेतो, जी आरोहीच्या हातावर गोळी ठेवते, तिनंच माझ्या बापाचा अंगठा चोरावा, असं तू लिहिलंस.

माझं म्हणणं असं की जाऊ दे. किरकोळ गोष्ट आहे. मशीनची चूक असेल. बाईमाणूस एकटं दुकान चालवतं, उगाच कशाला. आता कुलूप लागलेलं आहे, पुढे काही होणार नाही.

आरोहीला सांग, शिवकन्या मेंढीला कोकरू झालं.

अण्णा


केज बसस्थानक
१२ ऑक्टोबर २०२५, रविवार सकाळ

चि. सौ. शिवकन्या,

हे पत्र मी टपालात टाकत नाही. उद्या सोमवार, आणि सोमवारच्या आत ते पोचणार नाही हे मला कुणी सांगायला नको. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं दारात नेऊन दिली, आज आपलं नेतो. तू हे वाचत असशील तेव्हा मी तुझ्या दारात उभा आहे. शेवटपर्यंत वाच, मग काय ते बोल.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. 'किरकोळ म्हणून सोडायचं का अण्णा? सटवामामासाठी तुम्ही पंधरा दारांत जाऊन माफी मागितलीत, आणि माझ्या बापाचा अंगठा चोरणाऱ्या बाईकडून मी रोज दूध घेऊ? सोमवारी मी आणि परमेश्वर पोलिसांत जातोय.' वाचलं आणि लगेच तुला फोन लावला. एकदा वाजला, तू कापलास. पुन्हा लावला, पुन्हा कापलास. असं चार वेळा झालं. तिकडे तू प्रत्येक वेळी बिचारी माझं कुलूप उघडत बसली असशील. मला त्या दिवशी अंगठा द्यायचा नव्हता, बोलायचं होतं. पण फोन वाजला तरी बोलायचं नाही अशी पक्की सोय आपणच करून ठेवलेली.

मग तुझ्या आईला खरं काय ते सांगितलं आणि म्हणालो, तू फोन कर, तिला थांबव. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मी न्हाई सांगायची. सात वर्सं तुमचं दोघांचं माझ्याच कानातून गेलंय. ह्ये तुमचं तुमी जाऊन सांगा." तव्यावरची भाकरी उलटली आणि पुढे म्हणाली, "आन कशापायी गेलतात त्येबी सांगा."

तर सांगतो. जानकीबाईनं काहीही केलेलं नाही. ३० मेला तिच्या दुकानात तो अंगठा मीच दिला.

त्या दिवशी आरोहीचा पाचवा वाढदिवस होता. तुझी आई फोनवर तुझ्याशी बोलायची तेव्हा मी ओसरीत बसून ऐकायचो, तुला ते माहीत असेल नसेल. आईला सांगितलं, बीडला सोयऱ्याच्या लग्नाला जातो. आणि चाकणला आलो. पत्ता वहीतून घेतला हे खोटं होतं. तो मला कधीपासून पाठ आहे. काखेत घोंगडी होती, आपल्याच मेंढ्यांच्या लोकरीची, लहान मापाची मुद्दाम विणून घेतलेली.

तुझं घर सापडलं. तुझ्या दारासमोर रस्त्यापलीकडे कडुनिंब आहे, त्याखाली उभा राहिलो. परमेश्वरराव फुगे बांधत होते. एक फुटला की आरोही हसायची, की ते दुसरा मुद्दाम फोडायचे. तू दारात येऊन दोघांवर ओरडलीस. तू हुबेहूब तुझ्या आईसारखी ओरडतेस. मी दोन पावलं पुढे टाकली आणि मग मनात आलं, दारात जाऊन करणार काय? लेक म्हणेल, या अण्णा. आणि मी? आपण होऊन चार लोकांत उचललेला बेलभंडार. तोंड उघडलं तर शपथ मोडते, आणि न उघडता आत जाऊन बसलो तर पोरीच्या वाढदिवसाला मुका म्हातारा आणून बसवल्यासारखं होईल. तासभर उभा होतो. मग वळलो.

वळलो खरा, पण परत कसा जाणार? मी परतीचे पैसे घेऊन निघालोच नव्हतो. मुक्काम करायचा असं मनात धरून निघालो होतो.

जानकीबाईच्या दुकानावर पाटी होती, अंगठा देऊन पैसे मिळतील. माझा अंगठा तीनदा लागला नाही. तिनं आपल्या पदरानं माझा अंगठा पुसला, स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, मग चौथ्यांदा लागला. तिकिटापुरते पैसे घेतले. तिनं विचारलं, "कुणाकडे आला होता बाबा?" मी म्हणालो, कुणाकडे नाही. तिला ते पटलं नाही हे दिसत होतं, पण पुन्हा विचारलं नाही. एवढ्या चांगल्या बाईच्या दारात माझ्यामुळे उद्या पोलीस उभे राहणार होते, सटवाच्या दारात राहिले तसेच. भोंग्यावरून मी न समजता पुकारलं होतं. हे तर समजून उमजून लपवलं. यादीतली एवढी एक नोंद मला माझी म्हणवली नाही, म्हणून हे सगळं.

काल सकाळी बिरोबाला गेलो. हनुमान पुजाऱ्याला म्हणालो, बेलभंडार खाली ठेवायचाय, काय करावं लागेल? मला वाटलं काही मोठं प्रायश्चित्त सांगेल. तो म्हणाला, "देवानं कवा धरून ठिवायला सांगितलंता? तुमीच उचलला, तुमीच ठिवा." ठेवला. पण सात वर्षांनी तोंड उघडायचं तर पहिला शब्द कोणता काढायचा ते सुचेना, म्हणून हे लिहून आणलं.

आणखी एक. गुडघे दुखत नाहीत. नंबर बदलला तर मिस्ड कॉल कुणाला देणार, म्हणून बदलला नाही. आता बदलून घेईन, दिवाळीला तुम्ही तिघं या, आपण मिळून केजला जाऊ. परमेश्वररावांना तसं माझ्यातर्फे सांग. नाही, राहू दे, ते मीच सांगतो.

गाडी लागली आहे. आरोही बाहेर आली असेल तर काखेतली घोंगडी तिची आहे. उद्या सकाळी आपण दोघं जानकीबाईकडे दूध आणायला जाऊ, मला तिला सांगायचं आहे की मी कुणाकडे आलो होतो.

परतीचे पैसे या वेळीही आणलेले नाहीत.

तुझे
अण्णा